जवळचं माहेर

आमच्या नव्या टॉवरमध्ये सगळ्याजणी बाहेरून आलेल्या. कुणी डोंगरातली, कुणी समुद्राकाठची. सुट्टी लागली की लिफ्टमध्ये बॅगाच बॅगा, आणि प्रत्येकीचा तोरा एकच, "माहेरी निघाले!" परत आल्या की आठवडाभर ‘आमच्याकडे असं अन् आमच्याकडे तसं’. मी आपली दारात उभी राहून हात हलवते, पण आतून नुसता जळफळाट होतो.

काल समोरच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलंच, "तुम्ही कधी माहेरी जात नाही हो?"

"रोज जाते की."

"रोज? इतकं जवळ आहे?"

"खाली तुमची गाडी उभी असते ना, तिथं आमचं स्वयंपाकघर होतं. जरा भिंतीकडे सरकवून लावत जा. मधोमध आई बसायची."