सात मिस्ड कॉल

आई गेली त्या दुपारी चारला तिचे सात फोन आले आणि त्याने एकही उचलला नाही. "फोन बंद होता," असं बायकोला सांगून तो मोकळा झाला. मिस्ड कॉलची यादी पुसायला हात धजेना, म्हणून त्याने फोनला कुलूप लावलं. कुलपाचे आकडे बायकोने ओळखले असते. बोटाचा ठसा बरा.

आईचा ठसा कुठलंच यंत्र घेत नसे. लोकांची भांडी घासून बोटं पार झिजली होती.

तिसऱ्या दुपारी चारला फोन आपोआप उघडला, यादीसकट.

"अहो, तुमचा फोन तर बंद होता ना?" बायको म्हणाली. त्याने फोन उलटा ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याने काच लख्ख पुसून फोन कपाटात ठेवला, किल्ली खिशात टाकली. चारला त्याने कपाट उघडलं. फोन उघडाच होता. काचेवर बोटाचा ओला, साबणाच्या वासाचा डाग होता.

त्यात एकही रेघ नव्हती.