बारावा पाना

हवाई दलातून निवृत्त झालेल्या मल्लिनाथनं कुंभारी गावातल्या शेडमध्ये वडिलांच्या जुन्या स्पोर्ट्स कारला हेलिकॉप्टरचं टर्बाइन बसवलं. सुरू करण्याआधी त्यानं सवयीप्रमाणे नट-बोल्ट आवळायचे पाने मोजले. बारा हवेत, अकराच भरले. “एका पान्यावाचून अडलंय व्हय?” बायको वैतागली. “आत राहिला असला तर टर्बाइनचा चुरा होईल,” म्हणत त्यानं सगळं पुन्हा खोललं. दुपार टळली. पाना सापडेना. शेवटी वडील त्याला शेडमागं घेऊन गेले. तिथं कारचं जुनं इंजिन धुऊनपुसून ठेवलं होतं. त्यावर हळदकुंकू, झेंडूचं फूल आणि तो पाना. “चाळीस वर्षं ह्यानंच पळवलं की आपल्याला. आज खंडेनवमी, हत्यारं-यंत्रं पुजायचा दिवस हाय. ह्याची पूजा कोण करणार?” मल्लिनाथनं पान्याकडं नेलेला हात मागं घेतला. “उद्या सुरू करू, अप्पा,” म्हणत त्यानं उरलेले अकरा पाने आणून इंजिनापुढं मांडले.