बिनबुडाचा पेला
नवी राणी विनफ्लेड समुद्रापलीकडच्या अँग्लो-सॅक्सन राजाची लेक. तिनं माहेरून आणलेल्या पेटाऱ्यात काय आहे, या कुतूहलानं सासूबाईंना, राजमाता गेर्लिंडांना, चैन पडेना. अखेर मेजवानीच्या दिवशी त्यातून निघाला शिंगाचा पेला, खाली निमुळता. “अगं, याला बूडच नाही! ठेवायचा कसा?” “ठेवायचा नसतोच, सासूबाई. राणीनं भरायचा, एकानं पिऊन शेजारच्याला द्यायचा.” मधाचं मद्य ओतून तिनं पेला राजाला दिला. शेजारी धाकटा दीर बसला होता. वडील गेल्यापासून दोघा भावांमधून विस्तव जात नव्हता. जेवतानाही कमरेच्या तलवारी सुटत नसत. राजानं घोट घेतला. पेला ठेवायला गेला, तर तो कलंडू लागला. शेवटी दिराचाच हात पुढे आला. डोळे पुसत राजमाता सुनेच्या कानाशी लागल्या, “माहेरी भांडणं फार का गं तुझ्या?” “आमच्याकडे बूड असलेला पेलाच नाही.”