कोटाची बटणे

चर्चमध्ये वाटलेल्या परदेशी कपड्यांतून रॉबिनला लाल गळ्याचा टी-शर्ट मिळाला होता. त्यावर बिअरचा फेसाळता मग. मुलगी पाहायला जाताना घालण्याजोगा तेवढाच नवा कपडा होता. हन्नाताईने त्याला कडक इस्त्री केली आणि वर काळा कोट चढवला.

“साहेब दिसतोस! पण बटण सोडलंस तर लग्न मोडलंच. शॅरनचे वडील दारूबंदीवर भाषणं देतात.”

राहात्यात शॅरनच्या घरी पोहोचले, तेव्हा मे महिन्याची दुपार होती आणि वीज गेलेली.

“कोट काढा की, पाव्हणं,” स्वतः कोटात घामाघूम झालेले शॅरनचे वडील पुन्हा म्हणाले.

“नको, बरा आहे.”

पाणी देताना शॅरनने दोन्ही कोटांतून डोकावणारे लाल गळे निरखले.

“पप्पा, आधी तुम्ही काढा.”



वडिलांनी नाइलाजाने बटणे सोडली. त्यांच्याही छातीवरचा मग तितकाच फेसाळत होता.