गोचिडींची बशी

कानामागची गोचीड सासूबाईंनी चिमट्यात धरली, अलगद पिरगाळली आणि स्पिरिटच्या बशीत टाकली. बशीत ती पाय हलवत राहिली. टेबलावर मुठीएवढा जाहक अर्धवट गुंगीत कुशीवर पडला होता. पाठभर काटे, भ्याला की अंगाचा गोळा करणारा. जखमी प्राण्यांच्या त्या केंद्रात सगळे त्याला काटेचेंडू म्हणत. सकाळी माळ्याने पाचोळ्याच्या ढिगाशेजारून उचलून आणला होता. कानांमागे गोचिडींचे नुसते घोस लटकले होते.

सून मागे उभी होती. शिकून आलेली, नजर लख्ख. सासूबाईंच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता आणि दुसरा त्याच वाटेवर होता. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण तोंडावर बोलायची छाती फक्त मुलाने केली होती. तीही एकदाच, जेवताना.

"आई, आता हिला सांभाळू दे की टेबल."

"माझ्या हातून चूक होईल, त्या दिवशी मीच उठेन. तोवर हिने कापसाचे बोळे करावेत. तेवढं तरी जमतंय का बघू."

टेबलाचा एक नियम होता. चिमटा चालू असताना कोणी तोंड उघडायचं नाही. या जनावराला गुंगीतही आवाज कळतो, आणि ते आकसलं की गोचिडीचं डोकं तुटून कातडीतच राहतं. लग्न होऊन आलेली सून पहिल्याच आठवड्यात "हळू, आई" एवढंच म्हणाली होती. सासूबाईंनी चिमटा खाली ठेवला आणि सगळ्या माणसांदेखत तिला दाराबाहेर उभं केलं. शाळेतल्या पोरीसारखं, दुपारभर. त्यानंतर टेबलापाशी तिचा आवाज कोणी ऐकला नव्हता.

कान झाले. सासूबाईंनी जनावर उताणं केलं आणि पोटावरून बोट फिरवलं. बोटाला दाणे लागले. दोन्ही बाजूंना, अगदी ओळीने. डोळे गेले तर गेले, बोटं तर शाबूत आहेत, त्या मनात म्हणाल्या.

पोटावरच्या गोचिडी चिवट निघाल्या. पिरगाळून सुटेनात, म्हणून ओढाव्या लागल्या. रक्त आलं. रक्त यायचंच. सुनेने न सांगता बोळा पुढे केला. मग दुसरा. मग आणखी एक. पोरगी अखेर वळणावर आली, असं सासूबाईंना वाटलं. शेवटचा दाणा बशीत पडला, तेव्हा त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहून जरासं हसूनही घेतलं.

तेवढ्यात दार ढकलून माळी आत आला. हातात उलटी धरलेली टोपी, आणि टोपीत काहीतरी वळवळत होतं.

"बाई, ढिगाखाली घरटं निघालं बघा. पिल्लं आहेत. डोळेसुद्धा उघडले नाहीत अजून. नशीब यांचं, आई तुमच्याच हाती लागली. लावता का प्यायला?"

सासूबाई बशी उचलून खिडकीपाशी गेल्या आणि त्यातल्या त्यात बऱ्या डोळ्याजवळ धरली. कानामागच्या गोचिडी अजून पाय हलवत होत्या. पोटावरून काढलेल्यांना पायच नव्हते.

टोपीतली पिल्लं तोंडं उघडमीट करत होती.

"तुला कधी दिसलं?" सासूबाईंनी न वळता विचारलं.

"पहिल्यालाच."

"आणि गप्प राहिलीस?"

सुनेने उरलेले बोळे नीट रचले, चिमटा पुसला आणि सासूबाईंची रिकामी खुर्ची आपल्याकडे ओढून घेतली.

"टेबलापाशी बोलायचं नसतं, आई."