अमावास्येचा ठोका

"गेला! ऐका आता, एक ठोका उरलेला नाही," असं म्हणून उत्कर्षानं लॅपटॉपला जोडलेला स्पीकर संतोषच्या ऐरणीवर ठेवला.

कसब्यातल्या तांबट आळीतलं दुकान. दारात जुन्या तांब्याच्या हंड्यात लावलेला कढीपत्ता, आत घागरी, बंब आणि पन्नाशी उलटलेले दोन मित्र. तरुणपणी ह्यांनी 'आयर्न पेठ' नावाचा हेवी मेटल बँड काढला होता. तेव्हा पुण्यात हेवी मेटल कुठे मिळेल विचारलं, तर लोक जुन्या बाजाराचा रस्ता सांगायचे. गाणारा आणि गिटार वाजवणारा इंद्रजीत आता कोथरूडला सोसायटीचा चेअरमन आहे आणि टीव्ही मोठ्यानं लावला म्हणून लोकांना नोटिसा पाठवतो. बास वाजवणारा अमेरिकेत गेला तो गेलाच. ड्रम वाजवणारा संतोष वडिलांच्या जागेवर बसून भांडी घडवतो.

अल्बम एकच निघाला, 'अमावास्या'. ऐकणाऱ्यांना वाटतं, काळोख, भुतंखेतं असलं काहीतरी मनात असणार. भुतं कसली! अमावास्येला आळीत हातोडा बंद असायचा. तेवढाच काय तो शांततेचा दिवस, म्हणून भाड्याचं मशीन आणून दुकानाच्या माळ्यावर रेकॉर्डिंग उरकायचं ठरलं होतं.

आणि नेमके त्याच दिवशी संतोषचे वडील, भैरूकाका, खाली हातोडा घेऊन बसले. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत ठक, ठक, ठक. मशीन संध्याकाळी परत करायचं होतं, त्यामुळे कॅसेट तशीच बाहेर पडली. पुढे बँडही मोडला.

आता इतक्या वर्षांनी एक कंपनी तो अल्बम मोठ्या काळ्या तबकडीवर पुन्हा काढत होती. कंपनीतल्या उत्कर्षा नावाच्या ह्या मुलीनं तो ठोका कॉम्प्युटरवर पुसून आणला होता. संतोषनं फक्त हो म्हणायचं होतं.

"हो म्हण आणि सोडव बाबा एकदाचं," इंद्रजीत म्हणाला. "आयुष्यभर डोक्यात बसलाय तो ठोका."

संतोषच्या तोंडून हो निघेना. त्यानं ती कॅसेट कधी पूर्ण ऐकलीच नव्हती. आवाजाचं त्याला काही नव्हतं, आवाजातच जन्मला तो. पण अमावास्येला कधी हातोड्याला न शिवणारा आपला बाप नेमका त्या दिवशी का बसला? आपल्याला बुडवायला? हा प्रश्न गिळून तो रोज बापाच्याच जागेवर बसत होता. विचारायची हिंमत होईपर्यंत भैरूकाका गेले.

त्याची आई, सोजरबाई, चहा घेऊन आली. उत्कर्षानं गाणं लावलं. गाणं संपेपर्यंत सोजरबाई ट्रे हातात धरून उभी राहिली.

"ह्यांचं कुठाय?" तिनं विचारलं.

"काय, आजी?"

"ह्यांचं वाजवणं."

"ते काढलं, काकू," इंद्रजीत म्हणाला. "आता चारचौघांत लावता येईल."

"काढलं? का म्हणून?"

"का म्हणजे? काकांना आमची थेरं आवडायची नाहीत. आम्ही माळ्यावर जीव तोडतोय आणि हे खाली ठोकतायत! वर संध्याकाळी जिन्यात गाठून म्हणतात कसे, 'छान वाजलं हो आज.' असला टोमणा! अजून लागतो मला."

सोजरबाईनं ट्रे खाली ठेवला. "टोमणा कसला, मेल्यांनो! छान वाजलं म्हणाले म्हणजे छान वाजलं."

पुण्यातला माणूस छान म्हणतो तेव्हा त्याला छानच म्हणायचं असतं, ही शक्यता इतक्या वर्षांत दोघांनाही सुचली नव्हती.

"सकाळीच देवीपुढे उभे राहिले होते," सोजरबाई सांगू लागली. "म्हणाले, आजच्या दिवस माफ कर, पोराबरोबर वाजवायचंय. भांडं कुठलं घडवतायत! तो हंडा नुसता ठोकून ठोकून भोकाचा केला. तुमची गाणी तरी कुठे लवकर संपतायत!" तिनं दारातल्या कढीपत्त्याकडे हात केला.

"मग मला सांगितलं का नाही त्यांनी?" संतोषनं विचारलं.

"काय सांगतील? बँडमध्ये घ्या म्हणाले असते, तर घेतलं असतंत?"

आता उत्कर्षा बोलली. "तरीच! तो आवाज काढताना जीव गेला माझा. ठोके तुमच्या ड्रमबरोबरच पडत होते, दादा. सोडवता सुटेनात."

तिनं जुनं, न पुसलेलं गाणं लावलं. तिघं ऐरणीभोवती वाकून ऐकू लागले. गाणं चढलं तसा हातोडा चढला. गाणं संथ झालं तसा तोही हलका झाला, झोपलेल्या पोराला थोपटावं इतका हलका. आणि इंद्रजीतची गिटार एकटी सुरू झाली तेव्हा तो थांबलाच.

"आयला," इंद्रजीत पुटपुटला, "काका थांबलेत रे माझ्यासाठी." आणि त्यानं उगाचच चष्मा काढून पुसायला घेतला.

गिटार संपताच ड्रम आणि हातोडा एकदमच परत आले. संतोष रडत होता. रडता रडता बोटांनी मांडीवर ताल धरत होता.

"ठोका राहू दे," तो उत्कर्षाला म्हणाला. "आणि थोडा वाढव."

"मग कव्हरवर आजोबांचं नाव हवंच. सगळ्यात वर घालू?"

सोजरबाई रिकामे कप गोळा करत होती.

"वर नको बाई, शेवटी घाल," ती म्हणाली. "तालमीला एकदाही आले नव्हते ते."