एक राहिलेली गल्ली

"माझी सायकल गेली नाही अशी एक गल्ली दाखव या शहरात!" शिंपीकाका मिशीला पीळ देत बायकोला म्हणायचे.

"त्यापेक्षा जेवायच्या वेळेला घरी या," ती म्हणायची.

त्या दुपारी त्यांना खरंच एक अनोळखी गल्ली सापडली. काकांचा तोरा काय सांगावा! छाती फुगवून ते आत शिरले, तर दारादारांतून माणसं हसत बाहेर आली. एवढा मान! काकांनी ऐटीत हँडल सोडून दोन्ही हात उंचावले. सायकल एका दारापाशी अलगद थांबली.

तिथल्या म्हातारीनं हँडलवरून मायेनं हात फिरवला. "आलीस का गं? या वेळी कोणाला आणलंस?"

"अहो, मला जेवायला घरी जायचंय!"

"ते ती ठरवेल."

आणि सायकलची घंटी वाजली. काकांचे दोन्ही हात अजून वरच होते.